उतारावरची सायकल

समुद्रकाठच्या सपाट वाटेवर सायकलस्वारास दमवितो तो समोरचा वारा. इंदूरकडील गोष्ट निराळी आहे. ते शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर वसलेले. दक्षिणेस सिमरोल किंवा महू मागे टाकले की पठाराची कड लागते आणि सागाच्या रानांतून वाट नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरू लागते. जाड, खाचांच्या टायरांच्या डोंगरी सायकली घेऊन तरुण मंडळी पावसाळ्यात तिकडे जातात.

त्यांच्या हौसेचे आम्हांस कौतुकच वाटते. मात्र चढापेक्षा उतारच स्वाराची खरी परीक्षा पाहतो. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबला तर स्वार हँडलवरून फेकला जातो. नुसता मागचा दाबला तर चाक चिखलात घसरते. दोन्ही ब्रेक हलक्या हाताने, वळण येण्यापूर्वीच लावावे लागतात.

वेळेपूर्वी थांबण्याचा हा नियम सायकलीवरून उतरल्यावरही विसरू नये. महूजवळ पाताळपाणी येथे चोरल नदी सुमारे ३०० फूट खाली कोसळते. २०११ च्या जुलैत तेथे पात्रात उतरलेली माणसे अकस्मात् आलेल्या लोंढ्याने वाहून नेली. डोक्यावर ऊन असले तरी वर पठारावर पाऊस झाला की पाणी पाहता पाहता चढते.

म्हणून मुलांना रानवाटेची बंदी करू नका. निघण्यापूर्वी त्यांच्या सायकलीचे ब्रेक स्वतः तपासा आणि एवढेच बजावा : धबधबा काठावरूनच पाहावा, आणि दिवस मावळण्यापूर्वी घर गाठावे.