डाळीच्या डब्यातलं पाकीट

परवा आमच्या भागात नळाला पाणी आलं. मनमाडात पाणी येतं तो दिवस हंडे, बादल्या, ड्रम यांचाच. त्याच गडबडीत आशाताई आल्या. गल्लीतल्या एका सुनेनं त्यांना हळूच आत बोलावलं. मी तिथेच होते. ताईंनी पिशवीतून ‘छाया’ या गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट काढलं. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढे एकदा, असं बोटांवर वार मोजून समजावलं. पोरीनं पाकीट तूरडाळीच्या डब्यात पार तळाशी खुपसलं आणि म्हणाली, “काकू, सासूबाईंना बोलू नका हं.” तिला विचारूनच हे लिहिते आहे. घर मात्र सांगणार नाही.

सरकार जी गोळी दारापर्यंत पोचवतं, ती डाळीखाली का दडवावी लागते? या प्रश्नानं मला 1938 सालात नेलं.

त्या वर्षी 12 आणि 13 फेब्रुवारीला आपल्या मनमाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी इथे बजावलं. हे भाषण गावाला ठाऊक आहे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात काय घडलं, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. 10 नोव्हेंबरला मुंबई प्रांताच्या विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला: सरकारनं संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी द्याव्यात. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या, तर एकाहून जास्त मुलांना कुणी तयार झाला नसता, असं त्यात स्वच्छ म्हटलं होतं. ठरावाच्या बाजूनं 11 मतं पडली, विरोधात 52.

र. धों. कर्वे तर 1921 पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. 1934 साली न्यायालयात त्यांची बाजू बाबासाहेबांनीच मांडली होती.

मग आणीबाणी आली आणि सगळं उलटं झालं. 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यानं त्याचा कायदा झाला नाही, पण दोन्ही सभागृहांनी त्यावर होकाराचा शिक्का मारला होता. एकदा सोय नाकारली, एकदा सक्ती मंजूर केली. ‘बाई, तुला काय हवं?’ हे दोन्ही वेळा विचारायचं राहून गेलं.

2009 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूल व्हावं की नको, हे ठरवणं बाईच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. 2021 च्या दुरुस्तीनं गर्भपाताच्या कायद्यात, साधन फसल्याच्या कलमातली ‘विवाहित स्त्री’ जाऊन ‘कोणतीही स्त्री’ आली. कायदा एवढा पुढे आला. घरं आली का? देशाच्या पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण 37.9 टक्के आहे आणि पुरुषांचं 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, टाक्याविनाही होणारी. तरी टेबलावर जाते ती बाईच.

लोकसंख्येच्या कायद्याची चर्चा अधूनमधून पुन्हा उठते. आमदार-खासदारांना माझं कळकळीचं सांगणं आहे, मुलांची संख्या ठरवणारा कायदा नको. हवी ती साधनं, नीट माहिती आणि सल्ला प्रत्येक बाईला हक्कानं, गुप्तता राखून मिळेल, असा कायदा करा. आशाताईंना वेळेवर मानधन द्या, त्यांच्या पिशवीत सगळी साधनं भरलेली असू द्या.

आणि सासूबाईंनो, हे तुमच्या-माझ्यासाठी. आपल्या वेळी आपल्याला कुणी विचारलं नाही, ती सल अजून आहे ना? मग सुनेला तरी विचारू या. डाळीच्या डब्यातलं ते पाकीट उद्या फळीवर, बीपीच्या गोळ्यांशेजारी उघडं दिसायला हवं.