उपग्रह रेडिओचा धडा: पैसे आपले, यंत्र आपले, चावी मात्र कंपनीकडे

नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम अशा मागे राहिलेल्या जिल्ह्यांत उपग्रहावरून इंटरनेट पोहोचवायचे, असा हा विचार आहे. जिथे टॉवर नाही, केबल नाही, तिथे मुलांचा अभ्यास, दवाखाना आणि सरकारी कामे यांना त्याचा उपयोग होईल. याचे स्वागतच करायला हवे. पण घराच्या छतावर डिश बसवण्याआधी एक प्रश्न विचारून घ्यावा: उद्या कंपनीने सेवा बंद केली, तर आपण विकत घेतलेल्या यंत्राचे काय?

हा प्रश्न हवेतला नाही. आपल्या देशात एकदा हे घडून गेले आहे.

साधारण वीस वर्षांपूर्वी वर्ल्डस्पेस नावाचा उपग्रह रेडिओ भारतात आला होता. मूळ अमेरिकेतली ही कंपनी नोआ समारा यांनी १९९० मध्ये स्थापन केली. आफ्रिकेसाठी तिचा 'आफ्रिस्टार' हा उपग्रह १९९८ मध्ये आणि आशियासाठी 'एशियास्टार' २००० मध्ये अवकाशात गेला. ए. आर. रहमान यांनी तिची जाहिरात केली, तिची धूनही बांधली. जुन्या हिंदी गाण्यांचा 'फरिश्ता', शास्त्रीय संगीताचे 'गंधर्व' आणि 'श्रुती', उर्दू गझलांचा 'फलक' असे चॅनेल त्यावर होते. मध्ये जाहिरातींची कटकट नाही, आवाज स्वच्छ. गझल आणि जुन्या गाण्यांच्या शौकिनांना आणखी काय हवे?

यासाठी तीन गोष्टी लागत. पहिली, खास रिसीव्हर. साध्या एफएम रेडिओवर हे चॅनेल लागत नसत. दुसरी, वर्गणी. ती आगाऊ भरायची, मग कंपनी तुमचा रिसीव्हर चालू करणार. तिसरी, अँटेनाला मोकळे आभाळ. उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, १०५ अंश पूर्व रेखांशावर होता. म्हणजे महाराष्ट्रातून पाहिले तर आग्नेयेला. ज्याची खिडकी किंवा गच्ची त्या दिशेला उघडी, त्याचे काम झाले. समोर दुसरी इमारत आली की आवाज गेला. 'सगळ्या देशात कव्हरेज' हे नकाशावर खरे होते, पण चाळीतल्या मागच्या खोलीत त्याचा उपयोग नव्हता.

अमेरिकेत एक्सएम आणि सिरियस या कंपन्यांनी हीच अडचण वेगळ्या पद्धतीने सोडवली. शहरांमध्ये त्यांनी जमिनीवर रिपीटर बसवले, म्हणजे उंच इमारतींमुळे सिग्नल अडला तरी रेडिओ वाजत राहतो. शिवाय मोटार कंपन्यांशी करार करून नव्या गाड्यांतच रिसीव्हर बसवले. २००८ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या आणि आजही त्यांचे सुमारे सव्वातीन कोटी ग्राहक आहेत. भारतात मात्र ट्रायने २००५ मध्ये उपग्रह रेडिओच्या धोरणाबद्दल शिफारशी केल्या, तरी रिपीटरचा रस्ता काही मोकळा झाला नाही. त्यामुळे वर्ल्डस्पेस घरातच अडकून पडला. गाडीत चालणारा रेडिओ तो होऊ शकला नाही.

पुढे ऑक्टोबर २००८ मध्ये मूळ कंपनीने अमेरिकेतल्या डेलावेअरच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. इथली सेवा आणखी चौदा महिने चालली. नंतर ग्राहकांना कळवण्यात आले, की ३१ डिसेंबर २००९ पासून सेवा बंद. तेव्हाच्या बातम्यांनुसार भारतातले ग्राहक चार लाखांहून जास्त होते. ज्यांनी पुढच्या काळाची वर्गणी भरून ठेवली होती, त्यांचे पैसे अडकले. आणि रिसीव्हर? चांगला चालू स्थितीतला, पण त्यावर दुसऱ्या कुणाचा चॅनेल लागणार नाही. दुरुस्त करण्यासारखे त्यात काही बिघडलेलेच नव्हते!

खरा मुद्दा इथे आहे. एफएम रेडिओ घेतला की कोणतेही स्टेशन लावता येते. मोबाइल घेतला की सिम बदलता येते. उपग्रह सेवेत यंत्र बहुतेक वेळा एकाच कंपनीला बांधलेले असते. डीटीएचच्या सेट टॉप बॉक्सचेही तेच. कंपनी बदलली तरी बॉक्स तोच चालावा, अशी शिफारस ट्रायने २०२० मध्ये केली होती, पण आजही कंपनी बदलली की बॉक्स बदलावा लागतो. म्हणून महिन्याचा दर किती हे विचारताना यंत्राची किंमत आधी विचारा. ती एकदा भरली की आपण बांधले जातो.

दुसरा धोका वर्गणी थांबवण्याचा. चालू करायला एक बटण, बंद करायला दहा फोन. न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये सिरियस एक्सएमवर याच कारणासाठी खटला भरला. वर्गणी रद्द करायला ग्राहकाला प्रतिनिधीशी बोलणे भाग पाडणे हा कायद्याचा भंग आहे, असे न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये म्हटले. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या 'डार्क पॅटर्न' नियमावलीत अशा वर्गणीच्या सापळ्याला मनाई आहे.

मग कुटुंबाने काय करावे? आधी घरी येऊन सिग्नल दाखवा म्हणावे, पैसे नंतर. वर्षाची सवलत कितीही गोड वाटली तरी सुरुवातीला कमीत कमी मुदतीचे पैसे भरावेत. यंत्र भाड्याने मिळते का, सेवा बंद झाल्यास कंपनी ते परत घेईल का, हे लेखी मागावे. कार्डातून आपोआप पैसे कापले जात असतील, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २४ तास आधी सूचना यायला हवी. ती वाचावी, नको असेल तर तिथेच थांबवावे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन क्रमांक आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. मात्र पावती जपून ठेवलेली हवी.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने तिकडचा रिसीव्हर भेट म्हणून आणला, तर तो इथे चालणार नाही. त्या सेवेचे कव्हरेज भारतात नाही. आणि फक्त रेडिओच ऐकायचा असेल, तर डीडी फ्री डिशवर आकाशवाणीचे चॅनेल महिन्याच्या वर्गणीशिवाय लागतात.

सरकारकडून अपेक्षा एकच आहे. उपग्रह इंटरनेटला परवाने देताना, सेवा बंद पडल्यास शिल्लक वर्गणी आणि यंत्राचे पैसे कोण परत करणार, हे अटींमध्येच लिहून घ्यावे. नंदुरबारच्या पाड्यावरच्या किंवा धाराशिवच्या वाडीतल्या माणसाला डेलावेअरच्या न्यायालयात रांग लावता येणार नाही.