वाशिमचे पोलीस: जवळही हवेत, जोडलेलेही

लहान जिल्ह्याला स्वतंत्र पोलीस दल परवडते का, हा प्रश्न वाशिमला नवा नाही. वऱ्हाडातला जुना बासिम जिल्हा 1905मध्ये मोडला; वाशिम, मंगरूळ अकोल्याकडे गेले, पुसद यवतमाळकडे. पुढची 90हून अधिक वर्षे पोलीस अधीक्षकांपुढे गाऱ्हाणे मांडायचे तर सुमारे 80 किलोमीटरवरचे अकोला गाठावे लागे. 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला आणि अधीक्षक जवळ आले.

या जवळिकीचे मोल मोठे आहे. ठाण्यात तक्रार घेतली नाही, तर अधीक्षकांकडे दाद मागण्याची सोय कायद्यात आहे. पण मानोऱ्याच्या मजुराला त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून परजिल्ह्यात जावे लागले, तर ती सोय कागदावरच राहते.

दुसरी बाजूही दुबळी नाही. रामनवमीला पोहरादेवीत लोटणारी गर्दी एका लहान जिल्ह्याने एकट्याने आवरणे कठीण. अमरावतीसारखी प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यात उभारणेही शक्य नाही.

स्कॉटलंडने एकत्रीकरणाची वाट शेवटपर्यंत चालून पाहिली. तिथल्या परगण्यापरगण्यांची पोलीस दले 1975मध्ये आठ झाली आणि 1 एप्रिल 2013 रोजी एकच उरले. दुहेरी खर्च टाळणे आणि तज्ज्ञ पथके सर्वांना मिळणे, हा त्यामागचा हिशेब रास्तच होता. पण नियंत्रण कक्षही कमी झाले. जुलै 2015मध्ये स्टर्लिंगजवळ महामार्गालगत अपघातग्रस्त मोटार दिसल्याचा फोन दूरच्या कक्षात आला, त्याची नोंदच झाली नाही. तीन दिवसांनी पोलीस पोचले. त्या अपघातात दोघांचा जीव गेला.

चूक एका नोंदीची होती, एवढ्यावरून एकत्रीकरणच वाईट ठरत नाही. मात्र बातमी घेणारा माणूस जवळचा असावा, एवढे त्यातून नक्की कळते. आपल्याकडे तो माणूस आहे: 1967च्या ग्राम पोलीस कायद्यातला पोलीस पाटील. विहिरीत प्रेत दिसले की ठाण्याला तोच कळवतो आणि पोलीस येईपर्यंत बघ्यांना लांब ठेवतो.

म्हणून अधीक्षक कार्यालय वाशिमलाच राहावे. सायबर तपास आणि मोठा बंदोबस्त यांसाठी अमरावती परिक्षेत्रातल्या पाचही जिल्ह्यांनी मनुष्यबळ आणि साधने सामायिक ठेवावीत. वाचलेल्या पैशाचा पहिला वाटा गावाकडे वळावा: जिथे पोलीस पाटलाचे पद रिकामे असेल, तिथे नव्या इमारतीआधी ते भरावे.