पत्ता आणि वंशावळ

'ग्राहक/७/ऑर्डर/४२' असा पत्ता वेब एपीआयच्या दारात येतो आणि तो ग्राहकांच्या कंट्रोलरने घ्यायचा की ऑर्डरच्या, यावर प्रत्येक नव्या टीममध्ये नव्याने खल होतो. वाद फ्रेमवर्कच्या सोयींचा समजला जातो. मुळात तो वस्तूची ओळख तिच्या मालकावरून ठरवावी की तिच्या स्वतःच्या नावावरून, या प्रश्नाएवढा जुना आहे, आणि संगणकशास्त्राने त्याची किंमत एकदा मोजलेली आहे.

१९६०च्या दशकात अपोलो मोहिमेच्या असंख्य सुट्या भागांच्या नोंदींसाठी आयबीएमने आयएमएस ही प्रणाली उभारली. तिची रचना वृक्षाची: मुळापासून सुरुवात करून फांदीफांदीने खाली उतरायचे. १९७० साली त्याच आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी दाखवून दिले की भाग प्रकल्पाखाली ठेवावेत की प्रकल्प भागांखाली, अशा एकाच माहितीच्या पाच वेगवेगळ्या रचना संभवतात, आणि एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीत कोलमडतो. वाट हाच पत्ता मानला की वाट बदलताच पत्ता हरवतो. आजच्या नेस्टेड यूआरएलवर इतके नेमके भाष्य वेब जन्मण्याच्या वीस वर्षे आधी झाले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

टपालखात्याला हे वेगळ्या वाटेने उमगले. श्रीराम भिकाजी वेलणकरांची पिनकोड योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. तिच्या सहा आकड्यांतही उतरंड आहे, पण ती टपालाच्या सॉर्टिंगची, महसुली जिल्ह्याची नव्हे. म्हणूनच १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर ठाण्यापासून वेगळा जिल्हा झाला, पाकिटावरचे जिल्ह्याचे नाव बदलले, तरी पालघरचा पिनकोड ४०१४०४ जिथल्या तिथे राहिला.

वेबने मात्र हा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवला. पत्ते बदलू नयेत असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच बजावले होते. २००७ च्या सुमारास रेल्स या वेब फ्रेमवर्कने नेस्टेड राउट सहज लिहिण्याची सोय दिली, तेव्हा चार-चार पातळ्यांचे पत्ते उगवले, आणि एका पातळीपेक्षा खोल जाऊ नका असे सांगण्याची पाळी त्याच गोटातल्या जेमिस बक यांच्यावर त्याच वर्षी आली. मायक्रोसॉफ्टच्या 'वेब एपीआय' या फ्रेमवर्कची पहिली आवृत्ती उलट टोकाला होती: कंट्रोलर आणि आयडी एवढाच तिचा साचा, त्यात ग्राहकाच्या ऑर्डर बसवताना ओढाताण होई, २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ॲट्रिब्यूट राउटिंग आले आणि ॲक्शनच्या डोक्यावरच हवा तो पत्ता लिहिता येऊ लागला. अडसर गेला, पण त्याबरोबर विचार करायला लावणारा थांबाही गेला. माझे मत स्पष्ट आहे: ग्राहकाच्या ऑर्डरची यादी हवी असेल किंवा नवी ऑर्डर नोंदवायची असेल, तर पालकाचे नाव पत्त्यात असावे, एकदा ऑर्डरला स्वतःचा क्रमांक मिळाला, की 'ऑर्डर/४२' पुरेसे आहे आणि ते ऑर्डरच्याच कंट्रोलरकडे जावे.

कारण लांब पत्ता खोटा दिलासा देतो. राउटर त्यातला ७ इमानेइतबारे वाचतो, पॅरामीटर म्हणून कंट्रोलरच्या हाती देतो. आणि कंट्रोलर अनेकदा फक्त ४२ घेऊन डेटाबेसकडे जातो, ती ऑर्डर ७ ची आहे की ८ ची हे न पाहता. मागणाऱ्याला ती वस्तू पाहण्याचा हक्क आहे का, हे न तपासण्याचा दोष ओवॅस्प या सुरक्षा संस्थेच्या एपीआय धोक्यांच्या यादीत २०१९ साली पहिल्या क्रमांकावर होता, आणि २०२३ च्या यादीतही तो तिथेच राहिला.