शुश्रूषेलाही रविवार हवा

गेल्या ऑगस्टमधील एका पावसाळी सकाळी बोईसरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे एक काका दवाखान्यात आले. गोळ्या नियमित चालू असूनही त्यांचा रक्तदाब १७०/१०० होता. वजन तीन किलोंनी उतरले होते. त्यांच्या पत्नीला कंपवात, म्हणजे पार्किन्सन, होऊन सात वर्षे झाली आहेत. काकूंना रात्री स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्यासाठी काका तीन-चार वेळा उठतात. दिवसाच्या गोळ्या घड्याळावर चालतात. एका गोळीला अर्ध्या तासाचा उशीर झाला, तरी काकूंची पावले जमिनीला खिळल्यासारखी होतात.

मी सवयीने म्हणालो, "काका, थोडे दिवस विश्रांती घ्या."

ते हसले. "डॉक्टर, तीस वर्षे पाळीत काम केले. रिलीव्हर आल्याशिवाय पॅनल सोडायचे नाही, हा आमचा पहिला नियम. तो आला नाही तर डबल ड्यूटी. घरी सात वर्षे माझी डबल ड्यूटीच चालू आहे. माझा रिलीव्हर कोण, तेवढे त्या कागदावर लिहून द्या."

लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मी रक्तदाबाची गोळी वाढवून दिली आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. पण तो प्रश्न दिवसभर मनातून गेला नाही. 'विश्रांती घ्या' हा आम्हा डॉक्टरांचा सर्वांत स्वस्त सल्ला. तो कसा अमलात आणायचा, हे सांगण्याची जबाबदारी मात्र आम्ही क्वचितच घेतो.

ठरलेली सुट्टी

काकांचा मुलगा नोकरीनिमित्त स्पेनमध्ये असतो. तिकडे ऑगस्ट हा सुट्ट्यांचा महिना, म्हणून तो त्याच दिवसांत तीन आठवडे घरी येतो. पुढच्या तपासणीला वडिलांना घेऊन तोच आला आणि बोलता बोलता तिकडच्या सुट्ट्यांचा विषय निघाला.

स्पेनमध्ये वर्षाला चौदापर्यंत सार्वजनिक सुट्ट्या असतात. काही साऱ्या देशाच्या, काही प्रांताच्या, आणि दोन त्या त्या गावाच्या स्वतःच्या. गावाच्या सुट्ट्या बहुधा तिथल्या पालक संताच्या उत्सवाच्या; आपल्याकडे ग्रामदैवताच्या जत्रेला गावाचे व्यवहार थांबतात, तशाच. याखेरीज, मधले सुट्टीचे वार धरून, वर्षाला किमान तीस दिवसांची भरपगारी रजा. सण गुरुवारी आला, तर शुक्रवारची रजा टाकून तो शनिवार-रविवारला जोडायचा, या युक्तीला ते 'पुएन्ते' म्हणतात. पुएन्ते म्हणजे पूल. वैतरणेच्या रेल्वेपुलांवरून रोज ये-जा करणाऱ्या आम्हांला हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

मला त्या आकड्यांचे फारसे अप्रूप वाटले नाही. सणावारांची आपल्याकडेही वाण नाही. मनात राहिली ती दुसरी गोष्ट. तिथे सुट्टी आधीच ठरलेली असते, छापलेली असते, आणि ती घेताना माणसाला अपराधी वाटत नाही. घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला काही तास किंवा काही दिवस मोकळे करण्याची सोयही तिकडे आहे. तिच्या नावात 'रेस्पिरो' हा शब्द आहे. रेस्पिरो म्हणजे श्वास, उसंत.

आपला रविवारही कोणी आपसूक दिलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना एके काळी आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. 'दीनबंधु'चे संपादक आणि सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन सिद्ध केले, त्यात दर रविवारी पूर्ण दिवसाची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या कारखाने कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली; १९४८ च्या कायद्याने वीस दिवस काम केल्यास एक दिवस भरपगारी रजा, असा हिशोबही घालून दिला. लोखंडे १८९७ च्या प्लेगच्या साथीत लोकांना मदत करताना त्याच रोगाने गेले.

हे सारे कायदे कारखान्याच्या फाटकापाशी थांबतात. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्यांत राबणाऱ्या कामगारालाही आठवड्यातून एक दिवस सुटीचा मिळतो. त्याच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूची उठबस करणाऱ्या त्याच्या पत्नीला तो मिळत नाही. १८९० साली त्या दोन स्त्रियांनी जे मागितले, ते आज स्वयंपाकघरात आणि आजाऱ्याच्या खाटेशी राबणाऱ्या बाईला कोणाकडे मागावे, हेही ठाऊक नसते.

माझ्या घरची चूक

हे मी दुसऱ्यांना शिकवण्याच्या भूमिकेतून लिहीत नाही. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना पक्षाघात झाला. पुढची अडीच वर्षे ते अंथरुणावर होते. औषधे मी ठरवीत असे. भरवणे, पुसणे, कुशीवर वळवणे, चादरी बदलणे हे सारे माझी पत्नी करीत असे. माझ्या दवाखान्याच्या पाटीवर 'रविवारी सायंकाळी बंद' असे स्पष्ट लिहिलेले होते. तिच्या कामावर अशी पाटी नव्हती.

तिच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचे लग्न नाशिकला होते. दोन दिवसांचा प्रश्न होता. मी एवढेच म्हणालो, "तू गेलीस तर बाबांचे कसे होणार?" ती गेली नाही. पुन्हा तिने तो विषयही काढला नाही. काही महिन्यांनी ती ओट्यापाशी चक्कर येऊन बसली, तेव्हा मी तिचा रक्तदाब पाहिला. तो बराच वाढलेला होता, आणि कधीपासून, ते मला सांगता येत नव्हते. रोज तीस-चाळीस माणसांच्या दंडाला पट्टा बांधणाऱ्या डॉक्टरने स्वतःच्या घरात दोन वर्षे तो बांधला नव्हता. दोन दिवस बाबांचे सारे मला करता आले असते. मी तो विचारच केला नाही, हे आजही सलते.

थकवा कसा ओळखावा

दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या झोपेचे तुकडे होतात. त्यातून रक्तदाब आणि साखर बिघडते, पाठ व खांदे धरतात, मन खिन्न होते. पुढील खुणा दिसल्या तर त्यांकडे दुर्लक्ष करू नये: रुग्ण झोपला असतानाही झोप न लागणे, क्षुल्लक कारणाने रुग्णावर ओरडणे आणि मग रडू येणे, स्वतःच्या गोळ्या विसरणे, भूक मरणे, आवडीच्या गोष्टींत मन न रमणे. 'यातून एकदाचे सुटावे' असा विचार मनात येणे हे पाप नव्हे. तो थकव्याचा आवाज आहे. मात्र स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येऊ लागला, तर त्याच दिवशी घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगावे.

रिलीव्हर आणि वही

काकांच्या प्रश्नाचे उत्तर अखेर त्यांच्याच कारखान्यात सापडले. तिथे पाळी बदलताना दोन गोष्टी लागतात: रिलीव्हर आणि लॉगबुक. घरीही नेमके तेच लागते.

पहिली गोष्ट, वार ठरवावा. 'जमेल तेव्हा' अशी सुट्टी कधीच जमत नाही. आरंभी आठवड्यातील एक दुपार, तीन-चार तासांची, पुरे. दिनदर्शिकेवर ती लिहावी. मुलगा, मुलगी, भाऊ, शेजारी यांपैकी एकाने तेवढ्या वेळेची जबाबदारी नावानिशी घ्यावी. दूर राहणाऱ्या मुलांनी 'काही लागले तर कळवा' असे म्हणण्याऐवजी त्या तासांसाठी आया किंवा परिचारकाचा खर्च उचलावा. आपल्या वार्षिक रजेतील काही दिवसही आईवडिलांच्या पाळीसाठी राखून ठेवावेत.

दुसरी गोष्ट, साधी वही करावी. तीत औषधांची नावे आणि वेळा लिहाव्यात. कंपवाताच्या गोळ्या वेळेवरच द्यायच्या, परस्पर बंद करायच्या नाहीत. भरवताना रुग्णाला ताठ बसवावे, घास लहान द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. मधुमेहाच्या रुग्णाला दरदरून घाम, थरथर किंवा भ्रम जाणवला आणि तो शुद्धीवर असून नीट गिळू शकत असला, तर लगेच साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे असे काही दिसले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वहीच्या पहिल्या पानावर हा क्रमांक, डॉक्टरांचा क्रमांक आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा मदत क्रमांक १४५६७ ठळक लिहावा.

तिसरी गोष्ट, एकदम निघून जाऊ नये. रिलीव्हरने आधी दोन-तीनदा सोबत राहून सारे पाहावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नवा चेहरा घाबरवतो, म्हणून तिथे ही ओळख अधिकच सावकाश व्हावी.

आणि चौथी गोष्ट, सुट्टीत कामे उरकू नयेत. बँक, रेशन आणि औषधाचे दुकान ही सुट्टी नव्हे. झोपावे, मैत्रिणीकडे जावे, केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनात नुसते बसावे.

ज्येष्ठांना एक विनंती

आपल्यापैकी जे स्वतः आजारी आहेत, त्यांना मला एक सांगायचे आहे. सून किंवा मुलगी पायात चप्पल घालताच आपल्याला धास्ती वाटते, हे मी समजू शकतो. आपले सारे आयुष्य त्या एका माणसाच्या हातावर उभे असते. तरीही, "जा, मी बरा आहे," हे वाक्य आपण म्हणावे. ते म्हणायला औषध लागत नाही, आणि त्याचा गुण मात्र दोघांना येतो. माझ्या वडिलांना बोलता येत नव्हते. ते वाक्य त्यांच्या वतीने मी म्हणायला हवे होते.

काकांचा मुलगा परत जाण्यापूर्वी त्यांच्या घरी गुरुवारची दुपार ठरली. शेजारची एक निवृत्त शिक्षिका दोन ते सहा बसते. वही काकांनी स्वतः आखली आहे, पाळीच्या लॉगबुकसारखी, वेळ आणि सहीच्या रकान्यांसह. पहिल्या गुरुवारी ते स्थानकापर्यंत गेले आणि पाऊण तासात परतले. घरी पाऊल ठेवताच आधी घड्याळ पाहिले. काकू झोपल्या होत्या. आता ते सफाळ्याला बहिणीकडे जातात आणि तिथे गाढ झोपतात. रात्रीचे उठणे सुटलेले नाही, आजार तर वाढतच राहणार आहे. पण त्यांचा रक्तदाब पहिल्यापेक्षा आटोक्यात आहे, आणि उतरलेल्या तीन किलोंपैकी एक किलो परत आला आहे.

पुढचा अंक हाती येण्यापूर्वी प्रत्येक घराने एवढे करावे: शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचा रक्तदाब मोजावा, आणि दिनदर्शिकेवर तिच्या नावाने एका दुपारीभोवती गोल करावा.