विश्लेषण : पन्हाळा-पावनखिंड वाटेवर सुविधा नेमक्या कुठे हव्यात?

जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याचा वेढा फोडून शिवाजी महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, त्या वाटेवर दर पावसाळ्यात हजारो जण चालतात. त्यांना पाणी, शौचालय, निवारा हवाच. प्रश्न जागेचा आहे.

अडचण काय?
वाटेतले मसाई पठार संवर्धन राखीव क्षेत्र आहे. तिथे जांभ्या कातळावर मातीचा थर पातळ. पावसाळी रानफुले त्यावरच तगतात. मोहिमांची गर्दी मात्र प्रामुख्याने जुलैतल्या मोजक्या दिवसांची.

पर्याय काय?
तेवढ्यासाठी पठारावर पक्की बांधकामे करण्यापेक्षा मुक्काम आणि जेवण वाटेवरच्या गावांत, शौचालये फिरती आणि रोजची संख्या ठरावीक ठेवणे सोयीचे. गावकऱ्यांनाही त्यातून चार पैसे मिळतील. पठारावरची माती एकदा वाहून गेली, तर ती परत आणता येणार नाही.