वाण कोणाचे, कोठार कोणाचे?

सेंद्रिय भातशेतीचा सरकारला हल्ली फार पुळका आला आहे. २०१५ साली परंपरागत कृषी विकास योजना निघाली आणि पूर्वजांच्या ज्ञानाची आरती सुरू झाली. हे ज्ञान कोणाचे, आणि ज्यांचे होते त्यांच्या हाती आज काय उरले, हा प्रश्न छत्तीसगडकडे पाहून विचारला पाहिजे.

तेथील शेतकरी भात फेकून पेरतो आणि महिनाभराने शेतात पाणी साचले की उभ्या पिकात नांगर घालतो. या ‘बियासी’ने तण गाडले जाते, दाट रोपे विरळ होतात. ‘करगा’ हे रानभात पिकात ओळखू येत नाही. म्हणून जांभळ्या पानांचा वाण पेरायचा आणि हिरवे दिसेल ते उपटायचे! कापणीपूर्वीच्या ओलीवर लाखोळी फेकायची. तिच्या मुळांनी जमिनीला नत्र मिळते. आपल्या भंडारा-गोंदियालाही हे नवे नाही. यात अंगारे-धुपारे कोठे आहेत? देशी वाणाचे नाव काढताच ज्या मित्रांना पुनरुज्जीवनवादाचा वास येतो, त्यांनी एकदा बांधावर जाऊन यावे.

डॉ. रिछारियांनी हे विज्ञान ओळखले होते. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक असताना त्यांनी परदेशी बुटक्या वाणांच्या सरसकट आयातीला, त्यांबरोबर रोग येतील म्हणून, विरोध केला आणि १९६०च्या दशकातच त्यांना ते पद गमवावे लागले. देश तेव्हा अमेरिकन गव्हावर जगत होता, अधिक धान्य हवेच होते, हे खरे. परंतु देशी वाणांचेच कोंब फोडून लावून उत्पादन वाढवण्याचा मार्ग रिछारिया सांगत होते. तो कोणी ऐकला नाही. पुढे रायपूरला त्यांनी भाताचे १९ हजारांच्या आसपास नमुने जमवले. ती संस्था बंद पडली, संग्रह कृषी विद्यापीठाच्या कोठारात गेला, आणि २००२ साली त्याच विद्यापीठाने सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी सौदा मांडला. ज्यांच्या पूर्वजांनी हे वाण निवडून राखले, त्या शेतकऱ्यांना कोणी विचारले नाही. जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे डिसेंबरात कंपनीने माघार घेतली.

आज सौदा नाही, पण न्यायही नाही. हजारो वाणांच्या या देशात हमीभावाला भाताचे दोनच प्रकार ठाऊक आहेत: साधारण आणि ‘अ’ श्रेणी. मोल वजनाला असेल, तर कमी उताऱ्याचा सुवासिक वाण लहान शेतकरी कशाच्या बळावर लावील? सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी जमीन दोन-तीन वर्षे रसायनमुक्त ठेवावी लागते. तोंडी बोलीवर एका हंगामापुरती बटाईने जमीन कसणाऱ्याला ते प्रमाणपत्र मिळणार कसे? ते मालकाला मिळेल, शहरातला चढा भाव व्यापाऱ्याला मिळेल, आणि चिखलात वाकून रोप लावणाऱ्या बाईला मिळेल तीच जुनी मजुरी.

बटाईदाराची लेखी नोंद, देशी वाणाला वेगळा हमीभाव आणि मागेल त्या शेतकऱ्याला कोठारातले बी विनामूल्य, या तीन मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच गावोगाव सभा घ्याव्यात. बी राखण्याचा व त्याच्या देवघेवीचा हक्क २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला दिलेलाच आहे. तो बजावण्यासाठी विद्यापीठाच्या दारावर मोर्चा न्यावा लागला, तर न्यावा.